सायलेन्सरवाले मास्तर

आयुष्यभर ज्यांनी आवाज कमी करायचा धंदा केला, त्या आमच्या सरांचं स्वतःचं तोंड मात्र कधी बंद झालं नाही. वसईजवळच्या सातिवलीतल्या गाळ्याचं शटर सकाळी वर करतानाच ते बोलायला लागायचे, आणि संध्याकाळी शटर खाली ओढताना त्यांचं वाक्य अर्धंच राहिलेलं असायचं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी सकाळी, राम राम नाही की श्याम श्याम नाही, तिथूनच पुढे सुरू. त्यामुळे एका दुपारी ते टेबलाशी बसून तीन तुकड्यांकडे नुसते बघत राहिले, एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा मी हातातलं काम अर्धं सोडून उठले. मी तिथे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे सायलेन्सर बनतात. गाडीचे नाहीत, जनरेटरचे, कॉम्प्रेसरचे, मोठमोठ्या ब्लोअरचे. गाळ्यांच्या रांगेत त्यांना कुणी शेठ म्हणत नसे, सगळे 'मास्तर' म्हणत, कारण भेटेल त्याला ते शिकवत. गिऱ्हाईक आलं की त्याचं कोपर धरायचे. एकदा कोपर हातात आलं की माणूस सुटला नाही. बिल द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी पंख्याच्या पात्याचा आवाज समजावून सांगितलाय. वीजमीटर बघायला आलेल्यालाही सांगितलाय. तो बिचारा पुढच्या वेळी मीटर बाहेरूनच बघून पळाला.

वसईत एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. अक्षता पडल्या, पंगत बसली, सर गायब. शोधलं तर मांडवामागे जनरेटरपाशी उभे. डोळे मिटलेले, तळहात जनरेटरच्या अंगावर, आणि जनरेटरवाला शेजारी केविलवाणा उभा. "ऐकलंस? हा ओरडत नाहीये, हा कण्हतोय," सर त्याला सांगत होते. नवरा-नवरीबरोबरच्या फोटोत सरांच्या पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत काळी आली आहे. तो फोटो त्या घरात अजून भिंतीवर आहे म्हणतात.

लोकांनी त्यांना टाळायच्या आपापल्या युक्त्या शोधल्या होत्या. शेजारच्या गाळ्यात लेथ मशीन चालवणारे एक दादा आहेत, खाडीकडच्या गावचे, जीभ तिखट आणि माणूस सोन्यासारखा. सर दारात दिसले की ते लांबूनच ओरडत, "मास्तर, आता नको, टूल तुटला माझा!" रोज त्यांचं टूल तुटायचं. टपरीवाला सर आले की रेडिओ मोठा करायचा. मी स्क्रीनकडे बघत "हो सर, हो सर" म्हणायचे. त्यांना कळत नसेल असं नाही. पण पाऊस छत्र्या बघून थोडाच थांबतो!

त्यांचं लाडकं वाक्य एकच होतं. "आवाजाला मारायचं नसतं गं. त्याला दमवायचं असतं."

हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. सर तिकडच्याच वटार गावचे. घरची केळीची आणि फुलांची वाडी. लहानपणी बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी पाटाने झाडांना सोडायचं काम त्यांच्याकडे असायचं. ते सांगत, "पाणी सरळ सोडलं तर बांध फोडतं. अडवलं तरी फोडतं. फिरवलं, की निमूट झाडापर्यंत जातं." त्यांच्या सगळ्या सायलेन्सरमध्ये आत एक उलटा वळसा असतो. धूर आत शिरतो, पुढे जातो, आणि मध्येच त्याला थोडं मागे वळावं लागतं. दुसरं कुणी तसं करत नाही, कारण पाहताक्षणी ती चूक वाटते. मलाही वाटली होती. मी ड्रॉइंगमध्ये ती गुपचूप सुधारली, तर सरांनी मला सुट्टीच्या दिवशी वटारला नेलं, चप्पल काढायला लावली आणि पाटात उभं केलं. "पायाला कळतंय का?" असं विचारत राहिले. चिखलात घोट्यापर्यंत बुडालेली मी शेवटी कळलं म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं.

त्याच दिवशी मी त्यांच्या थोरल्या भावाला पाहिलं. फौजेत होते. गोळीबाराच्या सरावात दोन्ही कान गेले, आणि जे उरलं ते ऐकू न येण्यापेक्षा वाईट: कानात सतत शिट्टी. झोपेतसुद्धा. ते केळीखाली खुर्ची टाकून बसले होते आणि सर त्यांच्या शेजारी बसून आपल्या वाडवळी बोलीत काहीतरी भराभर सांगत होते. भाऊ मान हलवत होते, हसत होते. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "याला काय पण ऐकू येत नाय. भाऊ येतो, बोलतो, जातो. लहानपणापासून एक बोलतो, दुसरा मान हलवतो." मला तेव्हा सरांची पहिल्यांदा दया आली, आणि सरांना माझी दया आवडली नसती म्हणून मी केळीचे घड मोजत बसले.

सिनेमात बंदुकीच्या तोंडाला नळी लावली की गोळी मांजरासारखी सुटते. सरांना ते बघून राग यायचा. "खोटं! बंदूक गप्प होत नसते. फक्त एवढीच होते की चालवणाऱ्याचे कान जागेवर राहतील." मग ते सुरू व्हायचे. जुन्या नळ्यांमध्ये वाट्या एकापुढे एक बसवून जोडत. आवाज थोडा कमी व्हायचा, पण गरम वायू उलटा जवानाच्या डोळ्यांत नि नाकात यायचा. आता धातू छापणारी यंत्रं आली. थरावर थर देत अख्खी नळी एका तुकड्यात तयार होते, आणि जिथे कुठलंच हत्यार पोचत नाही तिथे आत वाटा ठेवता येतात. वायू मागे न येता पुढे निघून जातो. "पूर्वी जे कोरता येत नव्हतं, ते आता छापता येतं," हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, देवळात बोलावं तसा.

हे नुसतं स्वप्न नव्हतं. फौजेसाठी अशा नळ्या बनवायचा सरकारी परवाना असलेल्या एका कंपनीने आपल्या कारखान्यासाठी आमच्याकडून कॉम्प्रेसरचे सायलेन्सर घेतले होते. तिथल्या एका साहेबांनी एक उघडून पाहिला आणि तो उलटा वळसा त्यांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी सरांना बोलावलं. चर्चा झाल्या, कागदपत्रं झाली, आणि सरांचा वळसा बसवलेला एक पीस त्यांनी त्यांच्याच यंत्रावर छापला. चाचण्याही त्यांच्याच. सरांना तो पीस एकदा हातात घ्यायला मिळाला. परत आल्यावर दिवसभर ते आपला रिकामा तळहात बघत होते. "काय वजन गं त्याचं! चिमणीएवढं!" मग चौकशी सुरू झाली. आमच्या गाळ्याची, आमची, शेजाऱ्यांची. असल्या कामात नावाला एवढासा डाग चालत नाही, हे त्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही निकालाची वाट बघत होतो. सर देवाला नवस बोलणारे नाहीत, पण त्या दिवसांत ते रोज संध्याकाळी वटारला भावाकडे जाऊन बसत.

आणि मधल्या काळात तो आला होता. आम्ही त्याला प्रोजेक्टवाला म्हणायचो. तिशीचा असेल, स्वच्छ शर्ट, पाठीला सॅक, आवाज मऊ. कॉलेजात शिकवतो म्हणाला, कॉम्प्रेसरच्या आवाजावर प्रोजेक्ट करतोय म्हणाला. सरांनी त्याचं कोपर धरलं आणि त्याने ते सोडवून घेतलं नाही. तो बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याने सरांना प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न चांगले होते, हेच तर सगळ्यात वाईट. सर बोलत असताना त्याचे डोळे त्यांच्या तोंडावरून हलत नसत. सर मध्येच अडखळले तर तो त्यांचंच मागचं वाक्य त्यांना आठवून द्यायचा. कंपनीच्या पीसबद्दल सरांनी त्याला काही सांगितलं नाही, तेवढं पथ्य त्यांनी पाळलं. पण त्याला शिकवला तो वळसा कॉम्प्रेसरचा असला, तरी बंदुकीच्या नळीचंही गणित तेच. तो आला की सर केस विंचरून बसायचे. टपरीवरून बिस्किटं यायची, जी आम्हाला कधी आली नाहीत. मी त्यांना चिडवायचे, "सर, जावई सापडला वाटतं!" ते लाजायचे. मग एक दिवस प्रोजेक्टवाल्याचं येणं बंद झालं. सर दोन-चारदा रस्त्याकडे बघून आले आणि मग माझं डोकं खायला लागले.

आता सातिवलीची एक रीत सांगायला हवी. इथे जॉबवर्क चालतं. पार्टी ड्रॉइंग घेऊन येते, आपण पार्ट बनवून देतो. तो कुठल्या मशीनमध्ये बसणार, काय करणार, हे कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं. एकट्या सरांना ते जमायचं नाही. ते रोज दुपारी चहानंतर रांगेतल्या गाळ्यांतून फेरी मारायचे, प्रत्येकाच्या रिजेक्टच्या डब्यात हात घालायचे आणि फसलेला एखादा पार्ट उचलून विचारायचे, "हा कुठे बसतो?" उत्तर कधीच मिळायचं नाही. तो फसलेला पार्ट ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि कुठे बसत असेल ते स्वतःच शोधत बसायचे. माझं अर्धं टेबल दुसऱ्यांच्या चुकांनी भरलेलं असायचं. मी वैतागून ते भंगारात टाकायचे, ते पुन्हा आणायचे.

त्या दुपारी त्यांनी तीन पार्ट आणले होते. तीन वेगवेगळ्या गाळ्यांतले. एक बारीक नळी, एक झाकण आणि एक वाटी. नेहमीप्रमाणे ते बडबडत खेळत होते. वाटी झाकणात गेली. सर म्हणाले, "अरेच्चा." मग दोन्ही मिळून नळीत गेली. कुठे घासलं नाही, कुठे अडकलं नाही. सरांनी ते सगळं उजेडाकडे धरलं आणि आत बघितलं, आणि तिथे त्यांचं बोलणं थांबलं.

मी उठून त्यांच्या मागे गेले. त्यांनी काही न बोलता माझ्या डोळ्यांसमोर धरलं. आत उलटा वळसा होता. मी तो शेकडो वेळा काढलाय, झोपेतही ओळखेन. पण एवढ्याशा मापाचा कॉम्प्रेसर जगात नसतो. तोंडाशी ज्या जागी आटे पाडले होते, ती जागा पाहून मलाही कळलं की हे कशाच्या तोंडाला लागणार आहे. बंदुकीच्या, आणि तेही परवान्याशिवाय.

"शटर अर्धं खाली घे," सर म्हणाले. बाहेर कुणाचं तरी ग्राइंडर चालू होतं, आणि सर त्याच्याबद्दलही काही बोलले नाहीत.

वाटी लेथवाल्या दादांची होती. सरांनी त्यांना आत बोलावलं. दादा हसतच आले, "काय मास्तर, आज टूल शाबूत हाय माझा," आणि सरांचा चेहरा बघून थांबले. सरांनी विचारलं, "हा जॉब कुणाचा?"

"एक पार्टी हाय. नवी. मानूस चांगला, गोड बोलतो. कॉलेजान शिकवतो म्हनं."

सरांनी डोळे मिटले.

दादांना सांगितलं तेव्हा ते मटकन स्टुलावर बसले. "मास्तर, मना काय म्हाईत कुठं बसतो त्यो? ड्रॉइंग आला, मी पार्ट दिला. आपल्यात कोन इचारतं? आजपर्यंत कुनी इचारलाय?" त्यांचा आवाज चढत गेला. मग त्यांनी आमच्या अर्ध्या शटरकडे पाहिलं आणि एकदम हळू बोलायला लागले. अख्खी बॅच तयार होती. ट्रे भरून, त्यांच्या गाळ्यात, फडक्याखाली. पार्टी आज संध्याकाळच्या आत न्यायला येणार होती. बाकी दोन गाळ्यांतला माल आधीच तयार होऊन ठेवलेला होता.

"मी सांगतो आयका," दादा म्हणाले. "तिघंबी आपला माल टेम्पोत भरतो नि खाडीत नेऊन सोडतो. पार्टी आली का सांगतो, मशीन बिघडली, ड्रॉइंग घेऊन जा. ना आपुन बघितला, ना आपल्याला म्हाईत."

"आणि तो दुसरीकडून करून घेईल," सर म्हणाले.

"घेऊ दे ना! तुमचा पीस पास व्हायचाय मास्तर. चौकशीवाले माझ्या दारात येऊन गेले, मी सांगितला, असा मानूस शोधून सापडनार नाय. आता पोलीस बोलवाल, तर आतल्या त्या वळशाला बघून पयला नाव कुनाचा येल? माझा नाय येनार. तुमचा येल!"

दादा खरं बोलत होते. म्हणूनच मला ते नको होतं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी तो जोडलेला तुकडा फडक्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. खिसा खाली ओढला गेला.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सरांनी मान वर केली. आवाजावरून स्कूटर ओळखणारा माणूस. "तोच आहे," ते म्हणाले.

दादा धावत आपल्या गाळ्यात गेले. आम्ही दोघं त्यांच्यामागे. प्रोजेक्टवाला दारातच उभा होता, तोच स्वच्छ शर्ट, तीच सॅक. दादा हात पँटला पुसत होते. "माल नाय झाला अजून," ते म्हणाले. "मशीन बिघडली." त्यांच्या मागे फडक्याखालचा ट्रे होता, आणि फडकं एका कोपऱ्यात वर राहिलं होतं. तिथून एक वाटी चमकत होती. मला ती दिसली. मी एक पाऊल सरकून त्या कोपऱ्यासमोर उभी राहिले.

प्रोजेक्टवाल्याने सरांकडे बघितलं आणि तो हसला. मनापासून हसला, तेच मला सहन झालं नाही. "सर! किती दिवसांनी. तुम्हाला भेटायला येणारच होतो."

सर म्हणाले, "हा पार्ट कुठे बसतो?"

"प्रोजेक्टमध्ये, सर." त्याने खांद्यावरची सॅक सारखी केली. "तुमच्यामुळे जमलं. मी सगळ्यांना सांगतो, असा गुरू मिळायला नशीब लागतं." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "आणि तुमच्या त्या कंपनीचं काय झालं? होईल ना पास? सगळं नीट झालं पाहिजे सर. तुम्ही खूप थांबलात त्यासाठी."

कंपनीचं नाव सरांनी त्याच्यासमोर कधी काढलं नव्हतं. म्हणजे त्याने ते दुसरीकडून काढलं होतं, आणि ते आम्हाला कळावं म्हणूनच आता बोलला होता. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रेसमोरून हलले नाही. सर त्याच्याकडे बघत राहिले, आणि कोपर धरायला पुढे होतो तसा त्यांचा हात थोडा पुढे झाला आणि तिथेच थांबला.

"उद्या सकाळी येतो मग," प्रोजेक्टवाला दादांना म्हणाला. "उद्या नक्की." सरांना वाकून नमस्कार करून तो गेला. पायाला हात लावला त्याने! स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर दादा मला म्हणाले, "पोरी, सरक बाजूला, मना बसू दे," आणि खरोखरच जमिनीवर बसले.

आमच्या गाळ्यात परत आल्यावर मी सरांना म्हणाले ते असं: सर, दादांचं ऐका. खाडीत टाका. निदान कंपनीचा निकाल येईपर्यंत थांबा, मग जा पोलिसांत, मी स्वतः येते. चार दिवस थांबल्याने काय होतं? सर ऐकत होते की नाही कळेना. त्यांनी फोन काढला आणि कंपनीच्या साहेबांना लावला. मी त्यांच्या हातातून तो घ्यायला गेले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा हात खाली आला.

मला इकडचीच बाजू ऐकू येत होती.

"नमस्कार साहेब... हो... काय म्हणता?" सर उठून उभे राहिले. "पास झालाय?" मग बराच वेळ पलीकडचा आवाज. सरांचे डोळे भरले. "सगळ्यात कमी? ... मागे अजिबात आला नाही वायू? ... बरं वाटलं साहेब. खरंच बरं वाटलं." त्यांनी खिशावरून हात फिरवला. "पत्र पाठवू नका साहेब. माझं नाव काढून टाका. मी आता पोलीस ठाण्यात चाललोय, कारण सांगितलं तर तुम्हालाही त्रास... नाही, ऐका, मी सांगतोच." आणि त्यांनी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुठलंही वाक्य अर्धं सोडलं नाही. मी रडत होते, आणि रागाने रडत होते. पलीकडच्या साहेबांनी शेवटी काय म्हटलं माहीत नाही. सर म्हणाले, "समजू शकतो," आणि फोन ठेवला.

नंतरचं आधी सांगून टाकते. प्रोजेक्टवाला दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या दारात पकडला गेला, त्याच्याबरोबर आणखी माणसंही. दादांना आणि इतर दोघांना खूप चौकशीनंतर साक्षीदार म्हणून सोडलं, कारण सरांनी पहिल्याच जबाबात सांगितलं होतं की हे तिघे निर्दोष आहेत. आमचा गाळा बरेच दिवस बंद राहिला. कंपनीचा फोन पुन्हा आला नाही, येणारही नाही. दादा आता प्रत्येक पार्टीला विचारतात, "कुठं बसतो?" पार्ट्या चिडतात. एक-दोन सोडूनही गेल्या. सर अजून बोलतात, आम्ही अजून टाळतो. पण परवा एक खरीखुरी विद्यार्थिनी आली होती, ओळखपत्र दाखवून, आणि समोर बसून डोळे मोठे करून ऐकायला लागली. सर दोन वाक्यं बोलले आणि तिसरं मध्येच सोडून "चहा घेणार का?" म्हणाले. कुणी मन लावून ऐकायला लागलं की आता त्यांचं असं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो. वाटेत सरांचा हात खिशावरच होता. इन्स्पेक्टर तरुण होते, समजूतदार वाटले. फडकं सोडून तुकडा पाहिल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला, आणि त्यांनी दार लावायला सांगितलं. सरांनी सांगायला सुरुवात केली. डिझाइन माझं. शिकवलं मी. तीन गाळेवाल्यांना काही माहीत नाही. ही मुलगी फक्त ड्रॉइंग काढते, तिला यात ओढू नका. इन्स्पेक्टर लिहून घेत होते. मध्ये मध्ये तेच प्रश्न फिरवून विचारत होते आणि सर तीच उत्तरं सरळ देत होते. मी बाकड्याची कड घट्ट धरून बसले होते.

शेवटी इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, एक कळत नाही मला. ओळख ना पाळख. तुमच्या आयुष्याची मेहनत. नाव खरं आहे का तेसुद्धा विचारलं नाहीत. इतके दिवस समोर बसवून सगळं शिकवलंत. का?"

सरांनी टेबलावरचं फडकं सरळ केलं. मला वाटलं, आता ते पाणी आणि पाट आणि वळसा सुरू करतील.

"साहेब," ते म्हणाले, "तो ऐकत होता हो."

इन्स्पेक्टरांनी पेन पुन्हा उचललं. तेवढं मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.